एसडब्ल्यूयू मुळापासून: समस्थानिक वेगळे करण्याचे श्रम कसे मोजतात

युरेनियम समृद्धीकरणाचं कोणतंही तांत्रिक कोष्टक उघडा. एक रकाना फीडचा, एक प्रॉडक्टचा आणि एक एसडब्ल्यूयूचा (सेपरेटिव्ह वर्क युनिट, म्हणजे वेगळं करण्याच्या श्रमांचं एकक) असतो. हा तिसरा रकाना श्रमांचा आहे असं सांगतात, पण त्याचं एकक असतं किलो. ज्यूल नाही की किलोवॅट-तास नाही. समृद्धीकरणाची सेवा याच एककात विकली जाते आणि कारखान्याची क्षमताही याच एककात सांगतात. हजार मेगावॅटच्या एका अणुभट्टीला वर्षभराचं इंधन पुरवायला अशी लाखाच्या घरातली एककं लागतात. तरीही किलोत मोजलेले श्रम म्हणजे नेमकं काय, हे बहुतेक ठिकाणी एक सूत्र फेकून उरकलं जातं.

त्या सूत्राचं एन्ट्रॉपीशी, म्हणजे मिश्रणातल्या अव्यवस्थेच्या मापाशी, जवळचं नातं आहे, पण ते सूत्र म्हणजे एन्ट्रॉपी नव्हे. माझ्या मते या विषयात समजून घेण्यासारखं सगळ्यात सुंदर काही असेल, तर ते हा फरकच. तिथपर्यंत पायरीपायरीने जाऊ. हाताशी नैसर्गिक लॉगॅरिदम काढणारा कॅल्क्युलेटर असू द्या आणि आकडे स्वतः पडताळत चला. नुसतं वाचून हे अंगवळणी पडत नाही.

पायरी १: आधी वजनांचा ताळा

निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये २३५ वजनाचा समस्थानिक फक्त ०.७११ टक्के असतो. बाकी जवळपास सगळा २३८. वीज बनवणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांना हे प्रमाण ३ ते ५ टक्क्यांपर्यंत वाढवून लागतं. कारखान्यात जे जातं ते फीड, २३५ वाढवून जे बाहेर येतं ते प्रॉडक्ट, आणि २३५ काढून घेतल्यावर जे उरतं ते टेल्स.

दोन गोष्टी जपल्या जातात: एकूण युरेनियम आणि त्यातला एकूण २३५. त्यावरून

फीड ÷ प्रॉडक्ट = (प्रॉडक्टमधलं प्रमाण − टेल्समधलं प्रमाण) ÷ (फीडमधलं प्रमाण − टेल्समधलं प्रमाण)

१ किलो ४.५ टक्क्यांचं प्रॉडक्ट हवं आहे आणि टेल्समध्ये ०.२५ टक्के २३५ सोडायचा आहे असं धरा. मग ०.०४२५ ÷ ०.००४६१ = ९.२२. म्हणजे ९.२२ किलो फीड लागेल आणि ८.२२ किलो टेल्स उरतील. हेच उदाहरण शेवटपर्यंत वापरू.

इथे एक खबरदारी. हे सगळे किलो युरेनियम या मूलद्रव्याचे आहेत. यंत्रात फिरतो तो युरेनियम हेक्झाफ्लुओराइड वायू, आणि १ किलो युरेनियम त्या रूपात साधारण १.४८ किलो भरतं. दोन वजनांची सरमिसळ झाली की पुढचा सगळा हिशेब दीडपटीने चुकतो.

पायरी २: निसर्ग किमान किती मागतो ते काढा

दोन समस्थानिक एकमेकांत मिसळलेले असतात तेव्हा त्यांच्यात वेगळा असा रासायनिक बंध नसतो. तोडायचं काहीच नसतं. तरीही वेगळं करायला कार्य लागतं, कारण मिसळल्याने एन्ट्रॉपी वाढलेली असते आणि ती परत कमी करावी लागते. २३५ चं प्रमाण क्ष म्हटलं (०.७११ टक्के म्हणजे क्ष = ०.००७११), तर दर मोलमागे मिश्रणाची एन्ट्रॉपी अशी:

एन्ट्रॉपी = −आर × [क्ष लॉग क्ष + (१ − क्ष) लॉग (१ − क्ष)]

इथे लॉग म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम आणि आर हा वायूंचा स्थिरांक, ८.३१४ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. नैसर्गिक युरेनियमसाठी चौकोनी कंसातली बेरीज उणे ०.०४२२५ येते. ३०० केल्विन तापमानाला आर आणि तापमान यांचा गुणाकार २,४९४ ज्यूल, म्हणजे दर मोलला सुमारे १०५ ज्यूल. १ किलो युरेनियममध्ये ४.२ मोल असतात. तेव्हा १ किलो नैसर्गिक युरेनियममधला २३५ आणि २३८ पूर्णपणे, शेवटच्या अणूपर्यंत, वेगळा करायला ऊष्मागतिकी मागते फक्त ४४३ ज्यूल. एवढ्या ऊर्जेत एक लिटर पाणी एका अंशाच्या दहाव्या भागानेच तापतं.

आपल्या उदाहरणात तर पूर्ण विलगीकरणही नको आहे. फीडची एन्ट्रॉपी घ्या, तीतून प्रॉडक्टची आणि टेल्सची वजा करा, प्रत्येकीला तिच्या वजनाने गुणून:

९.२२ × ०.०४२२५ − १ × ०.१८३५ − ८.२२ × ०.०१७४८ = ०.०६२४

(शेवटचा अंक नीट यायला वजनं आणि एन्ट्रॉपी न छाटता ठेवा.) याला ४.२ मोल आणि २,४९४ ज्यूलने गुणलं की १ किलो प्रॉडक्टसाठी किमान कार्य येतं सुमारे ६५० ज्यूल. ०.०६२४ हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल.

पायरी ३: प्रत्यक्षाशी गाठ घाला

आता खरी यंत्रं पाहू. सेंट्रिफ्यूजला, म्हणजे वायू प्रचंड वेगाने गरगर फिरवून हलके-जड रेणू वेगळे करणाऱ्या यंत्राला, एका एसडब्ल्यूयूमागे साधारण ५० किलोवॅट-तास वीज लागते. जुन्या वायू-विसरण पद्धतीला, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून वायू ढकलणाऱ्या पद्धतीला, सुमारे २,४०० किलोवॅट-तास लागत. आपल्या १ किलो प्रॉडक्टला ६.८७ एसडब्ल्यूयू लागतात (हे कसं काढायचं ते पायरी ५ मध्ये). म्हणजे सेंट्रिफ्यूजने जवळपास ३४४ किलोवॅट-तास, ज्यूलमध्ये १२४ कोटी. विसरणाने साधारण १६,५०० किलोवॅट-तास.

किमान ६५० ज्यूल असताना सेंट्रिफ्यूज त्याच्या १९ लाख पट खर्च करतो आणि विसरण ९ कोटी पट. फ्रान्समधल्या त्रिकास्तँ इथला विसरणाचा मोठा कारखाना २०१२ मध्ये बंद होईपर्यंत शेजारच्या चारपैकी तीन अणुभट्ट्यांची वीज त्याला लागायची, ती यामुळेच.

हे पाहून यंत्रं फार वाईट आहेत, अभियंत्यांनी आणखी मेहनत केली तर ६५० ज्यूलच्या जवळ जाता येईल, असा निष्कर्ष नवखे लोक काढतात. तो चूक आहे. दोष यंत्राच्या घडणीत नाही, पद्धतीच्या जातीतच आहे, आणि तो समजायला एका पडद्याजवळ जाऊन बघावं लागतं.

फ्लुओरीनचा स्थिर समस्थानिक एकच, १९ वजनाचा. म्हणून हेक्झाफ्लुओराइडचे रेणू दोनच वजनांचे: ३४९ आणि ३५२. हलका रेणू जरा वेगाने धावतो, म्हणून छिद्रावर जरा जास्त वेळा आपटतो. वेगांचं गुणोत्तर म्हणजे ३५२ ÷ ३४९ चं वर्गमूळ, १.००४३. आता एक लाख रेणूंचा नमुना डोळ्यांसमोर आणा. त्यात ७११ रेणू २३५ चे आहेत. पडद्यापलीकडे पहिल्यांदा पोचलेल्या वायूचा तेवढाच नमुना घेतला, तर आदर्श स्थितीत त्यात ते असतात ७१४. तीन रेणूंची कमाई. आणि तेवढ्यासाठी लाखही रेणूंचा दाब खाली आलेला असतो. पुढच्या टप्प्यात पाठवण्यापूर्वी तो वायू पुन्हा दाबावा लागतो, मग त्यात ७११ असोत, ७१४ असोत की एकही नसो. दाबलेला वायू पडद्यातून सुटताना जी एन्ट्रॉपी निर्माण होते ती कमाईच्या मानाने प्रचंड असते, आणि ती परत मिळत नाही. या पद्धतीत खर्च पडतो तो वायू फिरवण्याचा. वेगळं करण्याचा खर्च त्यापुढे नगण्य.

पायरी ४: एका टप्प्याला श्रेय कसं द्यायचं ते ठरवा

खर्च फिरणाऱ्या वायूच्या वजनावर ठरतो आणि क्षशी त्याला काही देणंघेणं नाही. तर मग श्रम मोजण्याची पट्टीही तशीच हवी: एकाच यंत्राने, तेवढाच वायू फिरवून, तेवढीच वीज खाऊन केलेल्या कामाला मिश्रण कोणतंही असलं तरी सारखंच श्रेय मिळालं पाहिजे. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल डिरॅक आणि रुडॉल्फ पायर्ल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी विलगीकरणाचा सिद्धांत उभारला तो याच अटीवर. अट साधी आहे, पण तिच्यातून सगळं सूत्र बाहेर येतं.

एका टप्प्यात ल किलो वायू गेला. अर्धा वरच्या तोंडाने थोडा समृद्ध होऊन निघाला आणि अर्धा खालच्या तोंडाने थोडा कंगाल होऊन. दोन तोंडांमधल्या प्रमाणांचा फरक ग × क्ष × (१ − क्ष) इतका असतो. ग ही यंत्राची लहानशी, ठरावीक ताकद. म्हणजे प्रमाण मधल्यापासून दोन्हीकडे द ने सरकलं, आणि द = ग × क्ष(१ − क्ष) ÷ २.

आता प्रत्येक किलोला त्याच्या प्रमाणानुसार एक मूल्य देऊ, म(क्ष). टप्प्याची कमाई म्हणजे बाहेर पडलेल्या दोन भागांचं मूल्य वजा आत गेलेल्याचं मूल्य. एक भाग जेवढा वर गेला तेवढाच दुसरा खाली गेला, म्हणून म चा सरळ रेषेसारखा चढ-उतार आपोआप कटतो. उरते फक्त वक्रता, म्हणजे दुसरा डेरिव्हेटिव्ह:

कमाई = ल × (म ची वक्रता) × द² ÷ २ = (ल × ग² ÷ ८) × (म ची वक्रता) × [क्ष(१ − क्ष)]²

कमाई क्षपासून मोकळी व्हायला म ची वक्रता १ ÷ [क्ष(१ − क्ष)]² इतकीच असायला हवी. मग कमाई उरते ल × ग² ÷ ८. ल चं एकक किलो आणि ग नुसता आकडा, म्हणून कमाईचं एककही किलो. तो चमत्कारिक वाटणारा किलो आला तो इथून: अमुक ताकदीच्या यंत्रातून किती किलो वायू फिरवला, याचंच ते माप आहे.

आता मूल्याच्या जागी एन्ट्रॉपी घालून हाच हिशेब करा. एन्ट्रॉपीची वक्रता (चिन्ह बाजूला ठेवून) फक्त १ ÷ [क्ष(१ − क्ष)] असते, वर्ग नसतो. त्यामुळे कमाईत एक क्ष(१ − क्ष) शिल्लक राहतो:

एन्ट्रॉपीतली घट = आर × (ल × ग² ÷ ८) × क्ष(१ − क्ष)

हे समीकरण नीट पाहा. एसडब्ल्यूयू आणि एन्ट्रॉपी यांच्यातला फरक तो हाच, एक गुणक क्ष(१ − क्ष). नैसर्गिक युरेनियमवर हा गुणक ०.००७०६ आहे आणि ४.५ टक्क्यांवर ०.०४३. म्हणजे तेच यंत्र, तोच वायू, तीच वीज. पण एन्ट्रॉपीच्या वहीत ४.५ टक्क्यांवरच्या कामाला सहापट श्रेय मिळतं. विरळ मिश्रणात यंत्र बहुतेक वेळ २३८ च हलवत बसलेलं असतं, आणि एन्ट्रॉपीला त्या मेहनतीचं सोयरसुतक नसतं. एसडब्ल्यूयूला असतं.

वर्गाचा परिणामही इथेच लक्षात घ्या. ग ०.००४ धरला, तर १ किलो एसडब्ल्यूयू कमवायला ८ ÷ ग², म्हणजे ५ लाख किलो वायू टप्प्यांमधून फिरवावा लागतो. ग दुप्पट झाला तर सव्वा लाख. सेंट्रिफ्यूजने विसरणाला बाजारातून घालवलं त्याचं मूळ या वर्गात आहे: तिथे एका फेरीतला ग कितीतरी मोठा असतो.

पायरी ५: सूत्र लावा

वरच्या वक्रतेवरून मागे येत म काढला की मिळतं

म(क्ष) = (२क्ष − १) × लॉग [क्ष ÷ (१ − क्ष)]

यात कोणतीही सरळ रेषा मिळवली तरी वजनांच्या ताळ्यामुळे ती अंतिम उत्तरातून गळून जाते. म्हणून ५० टक्क्यांवर मूल्य शून्य धरण्याची ही सोयीची निवड चालते. मग

एसडब्ल्यूयू = प्रॉडक्ट × म(प्रॉडक्ट) + टेल्स × म(टेल्स) − फीड × म(फीड)

आपले आकडे: म(०.०४५) = २.७८०, म(०.००२५) = ५.९५९, म(०.००७११) = ४.८६९. प्रॉडक्टचं मूल्य फीडपेक्षा कमी दिसतं, याने गोंधळू नका. ५० टक्क्यांपासून दोन्ही बाजूंना मूल्य वाढत जातं, आणि टेल्सचा वाटा मिळवल्यावरच बेरीज अर्थपूर्ण होते.

२.७८० + ४८.९७८ − ४४.८८७ = ६.८७

गुणाकार करताना वजनांचे निदान चार दशांश ठेवा (९.२१९१ आणि ८.२१९१). इथे दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी आहे, आधीच छाटलेत तर उत्तर घसरतं.

आता मघाचा ०.०६२४ काढा. त्याला ६.८७ ने भागलं की ०.००९१ येतं. पायरी ४ प्रमाणे हा भागाकार म्हणजे अख्ख्या कारखान्यातल्या क्ष(१ − क्ष) ची सरासरी व्हायला हवी, आणि तो ०.७११ टक्क्यांच्या जरासाच वर आहे. बरोबरच आहे ते: सगळ्यात जास्त वायू फीड आत येतं त्याच्या आसपासच फिरतो आणि दोन्ही टोकांकडे प्रवाह बारीक होत जातो. दोन वेगळ्या वाटांनी काढलेले आकडे असे जुळतात तेव्हा सूत्रावर विश्वास बसतो. हा पडताळा स्वतः करून पाहाच.

मूल्यफलनाचा आणखी एक गुण: क्ष शून्याकडे किंवा एकाकडे गेला की म अनंताकडे जातो. एन्ट्रॉपीच्या हिशेबाने पूर्ण शुद्धता ४४३ ज्यूलला मिळत होती. या हिशेबाने ती कितीही श्रमांना मिळत नाही.

पायरी ६: टेल्स हलवून बघा

टेल्समध्ये किती २३५ सोडायचा हे निसर्ग ठरवत नाही, कारखाना आणि ग्राहक ठरवतात. १ किलो ४.५ टक्क्यांच्या प्रॉडक्टसाठी:

टेल्स ०.३० टक्के: फीड १०.२२ किलो, ६.२३ एसडब्ल्यूयू
टेल्स ०.२५ टक्के: फीड ९.२२ किलो, ६.८७ एसडब्ल्यूयू
टेल्स ०.२० टक्के: फीड ८.४१ किलो, ७.६९ एसडब्ल्यूयू

०.३० वरून ०.२५ वर आलात तर १ किलो फीड वाचतं आणि ०.६४ एसडब्ल्यूयू जास्त लागतात. पुढे ०.२० वर जाताना फक्त ०.८० किलो वाचतं आणि ०.८२ एसडब्ल्यूयू लागतात. चोथा पिळावा तसा रस कमी आणि जोर जास्त. म्हणून फीड महाग आणि श्रम स्वस्त असतील तेव्हा टेल्स खाली नेतात, उलट असेल तेव्हा वर ठेवतात. व्यवहारात या हिशेबाचा सगळ्यात जास्त उपयोग इथेच होतो.

पायरी ७: मिसळण्याचा तोटा ओळखा

१ किलो ४ टक्क्यांचं आणि १ किलो २ टक्क्यांचं युरेनियम एकत्र केलं की २ किलो ३ टक्क्यांचं होतं. आधीचं मूल्य २.९२४ + ३.७३६ = ६.६६०, नंतरचं २ × ३.२६८ = ६.५३५. नुसत्या मिसळण्यात ०.१२५ एसडब्ल्यूयू वाया गेले. म्हणून टप्प्यांची आदर्श रांग लावताना एक नियम कसोशीने पाळतात: वरून आणि खालून येणारे प्रवाह एकत्र होतील तिथे त्यांच्यातलं २३५ चं प्रमाण सारखंच असलं पाहिजे. सूत्रातून येणारा एसडब्ल्यूयू हा अशा आदर्श रांगेचा आकडा असतो. प्रत्यक्षात थोडी फार गळती होतेच.

कुठे जपायचं

एसडब्ल्यूयू म्हणजे ऊर्जा, असं सर्रास लिहिलेलं आढळतं. ते मनातून काढून टाका. एकाच ६.८७ एसडब्ल्यूयूला एका पद्धतीत ३४४ किलोवॅट-तास पडतात आणि दुसऱ्या पद्धतीत १६,५००. ऊर्जा काढायची तर पद्धत कोणती ते आधी विचारावं लागतं.

दुसरं म्हणजे ल × ग² ÷ ८ हे रूप ग लहान असतानाच खरं. हायड्रोजन आणि ड्युटेरियममध्ये वजन थेट दुप्पट होतं, एका टप्प्यातला फरक मोठा असतो आणि वक्रतेवरची ही युक्ती तिथे जशीच्या तशी चालत नाही. टप्प्याची कमाई पूर्ण सूत्राने काढावी लागते.

तिसरं, सगळा हिशेब दोनच समस्थानिक धरून आहे. नैसर्गिक युरेनियममध्ये २३४ इतका थोडा असतो की तो सोडून दिला तरी एसडब्ल्यूयूत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. पण वापरलेल्या इंधनातून परत मिळवलेलं युरेनियम फीड म्हणून घेतलंत, तर त्यात २३६ ही असतो. तो २३५ च्या सोबतीने प्रॉडक्टमध्ये वर चढतो आणि भट्टीत न्यूट्रॉन खातो. त्याची भरपाई म्हणून २३५ चं प्रमाण आणखी वाढवावं लागतं. अशा फीडसाठी दोन घटकांचं हे सूत्र अंदाजापुरतं वापरा आणि खरा हिशेब प्रत्येक समस्थानिकाचा स्वतंत्र ताळा मांडून करा.